रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी साखर कशी वाढली?

वडगावात माझे मामा राहतात. उभा जन्म मागावर गेला, आधी हातमाग, मग पॉवरलूम. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. गेल्या वर्षी त्यांना साखर निघाली. मुलीनं घरी मशीन आणून दिलं आणि मामा रोज बोट टोचून आकडा वहीत लिहायला लागले. दिवसपाळीच्या आठवड्यातली ती वही घेऊन एका रविवारी ते माझ्याकडे आले. झोपताना १३०, सकाळी उठल्यावर १६०. तिसऱ्या दिवशी पण तसंच.

"रात्री काय खाल्लो नाही, दूध पण पिलो नाही. मग ही साखर कुठनं आली रे?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो फक्त मामांचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी बसलात तर तासाभरात दोघे-तिघे हेच विचारताना दिसतील. मुळात आपण धरून चालतो की रात्री शरीर बंद असतं. दुकानाचं शटर खाली, गल्ला मोजून झाला, आता सकाळपर्यंत आवक नाही की जावक नाही. ही समजूत चुकीची आहे. ती किती चुकीची आहे हे गेल्या काही वर्षांत एका अनपेक्षित वाटेनं दिसलं आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून.

शटरच्या आत काय चालतं

आधी झोपेबद्दल थोडं. झोप एकसारखी नसते. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि त्यानंतर झोपेला पायऱ्या असतात हे समजत गेलं. आपल्याला इथे दोनच पायऱ्या पुरतात. एक गाढ झोप. तिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात, हाक मारली तरी माणूस चटकन उठत नाही. दुसरी स्वप्नझोप. तिच्यात पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, अंग लुळं पडतं, मेंदू मात्र जवळजवळ जागेपणीइतका कामात असतो. ही दुसरी झोप १९५३ साली शिकागोच्या अझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली.

साधारण दीड तासाचं एक आवर्तन असतं आणि रात्रीत अशी चार ते सहा होतात. गाढ झोप पूर्वार्धात जास्त मिळते, स्वप्नझोप पहाटेकडे वाढत जाते. पहाटेची स्वप्नं आठवतात त्याचं एक कारण हेच.

या सगळ्या वेळात शरीराचा खर्च चालूच असतो. जागेपणी नुसतं पडून राहिल्यावर जेवढी ऊर्जा लागते, त्यापेक्षा झोपेत सुमारे १५ टक्केच कमी लागते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांना सुट्टी नाही. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जेत जवळजवळ पाचवा हिस्सा त्याचा. अन्नातून किंवा साठ्यातून ऊर्जा काढणं, ती खर्च करणं, नवं बांधणं, जुनं मोडणं, या साऱ्या रासायनिक घडामोडींना मिळून चयापचय म्हणतात. रात्रीच्या आठ तासांत तोंडातून काही आत जात नाही, म्हणजे हा सगळा व्यवहार घरात साठवलेल्या मालावर चालतो. यकृतात साखरेचा एक छोटा साठा असतो, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. आणि चरबीचा मोठा.

प्रश्न असा की कोणत्या वेळी कुठला साठा फोडला जातो, हे कळायचं कसं?

जळण कुठलं, ते धुरावरून कळतं

निपाणी, संकेश्वरकडे गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात जाळ असतो. आत डोकावता येत नाही, एवढी धग असते. पण मुरलेला गुळव्या लांब उभा राहून सांगतो: चिपाड ओलं आलंय, धूर बघा. किंवा: आता पाक होत आला, वाफेचा वास बदलला. आत काय चाललं आहे ते तो बाहेर पडणाऱ्या धुरा-वाफेवरून ओळखतो.

शरीराचंही तसंच आहे आणि इथे मी नुसती उपमा देत नाही. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८० च्या दशकात लाप्लास यांच्याबरोबर एका गिनिपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. त्याच्या उबेनं किती बर्फ वितळलं आणि त्यानं किती वायू सोडला हे मोजलं, आणि निष्कर्ष काढला की श्वसन म्हणजे संथ ज्वलन. मेणबत्ती जळते तसंच, फक्त ज्वाळेशिवाय. आपण हवा आत घेतो तेव्हा तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर टाकतो तेव्हा सुमारे १६. कार्बन डायऑक्साइड आत जाताना नावालाच असतो, बाहेर येताना चार-पाच टक्के. हा आपल्या चुलवाणाचा धूर.

आणि या धुरावरून जळणही ओळखता येतं. साखर जळते तेव्हा जितका ऑक्सिजन लागतो तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो. प्रमाण १. चरबीत ऑक्सिजन मुळातच कमी असतो, म्हणून ती जाळायला बाहेरून जास्त घ्यावा लागतो आणि प्रमाण ०.७ च्या आसपास येतं. झोपलेल्या माणसाचे हे दोन वायू मोजले तर तो साखरेवर चालला आहे की चरबीवर याचा अंदाज बांधता येतो. जेवणानंतर प्रमाण १ च्या बाजूला असतं, रात्र सरत जाते तसं ते खाली घसरतं.

चरबीचं जळून पुढे काय होतं, हे विचारलं तर बहुतेक जण घाम म्हणतात. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी अणूंचा चोख हिशेब मांडला. १० किलो चरबी शरीरातून गेली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. वजन नाकातून जातं, हे मला स्वतःला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

रक्त तपासलं तर?

हा प्रश्न मामांनी लगेच विचारला. बोट टोचून कळतंच की. कळतं, पण त्या क्षणापुरतं. झोपेतले बदल मिनिटांत होतात. दर दहा सेकंदांनी नोंद हवी असेल तर आठ तासांत २,८८० नमुने लागतील. प्रत्येक वेळी फक्त २ मिलिलिटर रक्त घेतलं तरी ते पावणेसहा लिटर होतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त पाचएक लिटर. शिवाय सुई टोचल्यावर झोप कुठली?

श्वासाला हा त्रास नाही. माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, म्हणजे रात्रीत सहा-सात हजार. तो ते सोडणारच असतो. स्वस्थ पडलेल्या माणसाचं सारं रक्त मिनिटभरात एकदा फुफ्फुसातून फिरून जातं. तिथं कोट्यवधी बारीक वायुकोशांच्या पातळ भिंतींपलीकडे हवा असते. रक्तातले उडून जाणारे रेणू, म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, त्या भिंती ओलांडून श्वासात मिसळतात. दारू प्यायलेल्याला पोलीस नळीत फुंकायला लावतात ते याच आधारावर. मधुमेह फारच हाताबाहेर गेला की श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, तो अॅसिटोनचा. (असा वास आणि सोबत उलट्या, धाप, गुंगी असं काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.)

श्वासाची उफणणी

१९७१ साली लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं श्वास गोठवून तपासला तेव्हा त्यात सुमारे अडीचशे वेगवेगळे पदार्थ निघाले. दोन-चार वायूंच्या पलीकडे श्वासात एवढं काही असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण हे पदार्थ अगदी अत्यल्प असतात आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं करायला वेळ लागायचा. झोप मोजायला ती पद्धत कामाची नव्हती.

आता वापरतात ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच रेणूंचं वजन करणारा काटा. शहापूरच्या सराफाचा काटा गुंजेचा फरक दाखवतो. हा काटा एका रेणूचं वजन दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळं असलं तरी सांगतो. पण रेणू उचलून पारड्यात ठेवणार कसा? खानापूरकडे खळ्यावर भात उफणताना पाहिलं असेल. वाऱ्यात धरलं की भरलेला दाणा पायाशी पडतो, पोल त्याच्या पुढे, आणि फोलपट पार लांब जातं. वजन न करताही वजनाप्रमाणे वाटणी होते. इथे वाऱ्याच्या जागी विद्युतक्षेत्र असतं. एका बारीक सुईतून विद्युतभार असलेल्या पाण्याचा धुक्यासारखा फवारा सोडतात, श्वास त्या धुक्यातून जातो आणि त्यातल्या रेणूंना भार चिकटतो. भार चिकटला की विद्युतक्षेत्र त्यांना ओढतं. हलका जास्त पळतो, जड मागे राहतो, आणि यंत्र त्यावरून वजन काढतं.

या पद्धतीत श्वास पिशवीत भरून ठेवावा लागत नाही, गोठवावा लागत नाही. माणूस झोपलेला, श्वास नळीतून थेट यंत्रात, निकाल तिथल्या तिथे.

ज्यूरिखला काय दिसलं

स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरिखच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच केलं. स्वयंसेवक रात्रभर झोपले. डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारा, आणि श्वासाचं दर दहा सेकंदांनी मोजमाप. जवळजवळ दोन हजार रासायनिक खुणांचा मागोवा घेतला गेला. मग लहरींचा आलेख आणि श्वासाचा आलेख शेजारी ठेवले.

दोन्ही बरोबरीनं हलत होते. माणूस गाढ झोपेत उतरला की चरबी जाळण्याच्या खुणा वाढत. जाग आली की त्या कमी होत. पुन्हा डोळा लागला, गाढ झोप आली, की पुन्हा वाढत. हा बदल मिनिटांत घडत होता आणि तसाच उलटाही फिरत होता. रात्रीच्या चयापचयाचं चित्र आधी भरती-ओहोटीसारखं होतं. अंगातलं घड्याळ संध्याकाळपासून सकाळपर्यंत सावकाश सगळं फिरवतं, असं. ते घड्याळ आहेच, त्याला कुणी खोटं ठरवलेलं नाही. पण त्याच्या आत चुलवाणाशी बसलेला आणखी कुणीतरी दर थोड्या वेळानं जळण बदलतो आहे, हे नव्यानं दिसलं.

स्वप्नझोपेत आणखी वेगळं आढळलं. तिथं क्रेब्ज चक्रातले पदार्थ वाढलेले दिसले. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडलं. साखर असो की चरबी, बारीक तुकडे होऊन शेवटी सगळं या एकाच चक्रात येतं आणि तिथून ऊर्जा निघते. विहिरीवरच्या रहाटासारखं: गाडगी फिरत राहतात, खालून भरून येतात, वर रिकामी होतात. स्वप्न पडत असताना या रहाटाच्या गाडग्यांत काहीतरी बदलतं. मेंदू तेव्हा जोरात कामात असतो, त्याच्याशी हे जुळतं. क्रेब्ज यांना नोबेल मिळालं १९५३ साली, आणि स्वप्नझोपेचा शोधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या एकाच श्वासात शेजारी दिसायला पुढची सुमारे सत्तर वर्षं लागली.

"श्वासात रात्रीच्या लसणाचा वासही असतोच की"

असतो. लसणातले गंधकाचे काही पदार्थ पचल्यावर रक्तात जातात आणि कित्येक तास श्वासातून येत राहतात, म्हणून दात घासूनही वास जात नाही. तोंडातले जंतूही आपापले वायू सोडतात. खोलीतली हवा तर आत जातेच. हा आक्षेप खरा आहे आणि श्वासाचा अभ्यास करणाऱ्यांची अर्धी मेहनत यातच जाते. पण लसणाला माणूस गाढ झोपेत आहे की स्वप्नात हे ठाऊक नसतं. त्याचा वास रात्रभर हळूहळू उतरत जाईल. मेंदूच्या लहरी बदलल्या त्याच सुमारास, रात्रीतून अनेकदा, वेगवेगळ्या माणसांत एकाच दिशेनं तो वरखाली होणार नाही. म्हणूनच लहरींची जोड लागते. नुसता श्वास मोजून हे सांगता आलं नसतं.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. स्वप्नझोपेत श्वासाची लयच अनियमित होते. श्वास उथळ झाला तर रेणूंचं प्रमाण तेवढ्यानंही बदलू शकतं, आत काही न बदलता. म्हणून सगळ्या खुणा एकदम वर गेल्या की शंका घ्यायची, आणि काही वर, काही खाली, काही जागच्या जागी असं दिसलं तरच आत काहीतरी घडतंय म्हणायचं. शिवाय काटा वजन सांगतो, नाव नाही. एकाच वजनाचे दोन वेगळे रेणू असू शकतात, त्यांची ओळख पटवायला आणखी तपास लागतो. आणि प्रयोगशाळेत तारा लावून झोपलेला माणूस घरच्यासारखा झोपत नाही, पहिल्या रात्री तर नाहीच.

हे सगळं लक्षात घेऊनही मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण त्यानं निदानाचा दावा केलेला नाही. थोड्या माणसांवर, नीट बघून, झोपेच्या आतली एक गोष्ट दाखवली.

"मग माझ्या हातातलं घड्याळ काय दाखवतं?"

खडेबाजारात फिरलात तर झोपेचे गुण देणारी घड्याळं कुठेही मिळतात. ती हाताची हालचाल आणि नाडी यावरून झोपेचा अंदाज करतात. मेंदूच्या लहरी ती पाहत नाहीत, श्वासातले रेणू तर अजिबातच नाहीत. किती वाजता झोपलो, किती वेळा चुळबुळ झाली, एवढ्यासाठी ठीक. ज्यूरिखचं यंत्र मनगटावर नाही, खोलीत मावतं, आणि ते चालवायला प्रशिक्षित माणसं लागतात. नळीत फुंकून रात्रीचा चयापचय सांगतो असं म्हणून कुणी काही विकायला आलं तर पैसे देऊ नका.

आमच्याकडच्या रात्री

हा विषय मला एवढा लागून राहिला त्याचं कारण आमच्या भागातल्या रात्री. वडगाव-खासबागला माग रात्री वाजत असतात. हंगामात साखर कारखान्यांचं काम चोवीस तास चालतं. अथणी-चिकोडीकडे ऊस पाजायला थ्री फेज रात्रीची आली की शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर. अडीचला उठायचं, पाणी फिरवायचं, चारला पुन्हा आडवं व्हायचं. आपण म्हणतो, मिळून सहा तास झाले की. तास कदाचित होतातही, पण आवर्तनं मोडतात. गाढ झोपेतून जागं झालं की चरबी जाळणं कमी होतं, हे आपण आत्ताच पाहिलं.

असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर काय होतं, याचं उत्तर या श्वासाच्या अभ्यासात नाही. पण दुसरीकडून इशारे आहेत. १९९९ साली शिकागोत ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं. त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे खालावली. ते तरुण होते, त्यांना मधुमेह नव्हता, आणि लागल्या फक्त सहा रात्री. झोप भरून दिल्यावर ती सुधारली, हेही त्याच अभ्यासात आहे.

आणि एक गोष्ट घोरण्याची. काही जणांचा घसा झोपेत मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मग शरीर दचकून अर्धवट जागं होतं. सकाळी यातलं काही आठवत नाही. ज्यांचा आजार तीव्र असतो त्यांना हे तासाला तीस-तीस वेळा होतं. यावर हवेचा दाब देणारं यंत्र आणि मास्क देतात. ज्यूरिखलाच २०१६ साली अशा रुग्णांचं यंत्र दोन आठवडे थांबवून पाहिलं तेव्हा त्यांच्या श्वासातल्या पदार्थांची ठेवण बदलली. रात्री झोपेत मोडतोड झाली की तिची खूण श्वासावर उरते.

मामांच्या वहीतले ते तीस

आता त्यांचं उत्तर. साखर बाहेरून आली नाही, घरातूनच आली. पहाटे उठण्याच्या आधी शरीर तयारीला लागतं. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साखर रक्तात सोडतं, म्हणजे उठल्यावर अंगात बळ हवं. निरोगी माणसात इन्सुलिन ती साखर लगेच पेशींत पोचवतं. मधुमेहात ते कमी पडतं, आणि आकडा १३० वरून १६० होतो. हे ज्ञान जुनं आहे. श्वासाच्या यंत्रानं मामांची साखर दिसणार नाही, कारण साखर उडून जाणारी वस्तू नाही. त्या पहाटेच्या आधी, रात्रभर, कुठल्या वेळी कुठलं जळण लागलं हे मात्र दिसेल.

मी एवढं सांगेपर्यंत मामी चहा घेऊन आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साखरेचं मला काय कळत नाही. पण हे घोरतात बघ, आणि मधेच एकदम बंद. मी घाबरून हलवते यांना."

"किती वेळ बंद, मामी?"

त्या रात्री त्यांनी उशाला घड्याळ घेतलं. सकाळी फोन आला. तीनदा मोजलं होतं: चौदा, अठरा, बावीस. आकडे मामांच्याच वहीत, साखरेच्या खाली, त्यांनी वेगळ्या शाईनं लिहून ठेवले. बुधवारी डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर घ्यायला सांगितली, आणि पाळ्यांच्या वेळाही तिच्यात लिहायला.